सावधान कोणी व्हावे?

परदेशी विवाहास जाऊन येणे ही गोष्ट आता मुंबई-पुण्याच्या धनिकांपुरती राहिलेली नाही. अंबडसारख्या तालुक्याच्या गावातूनही भाचीच्या, पुतण्याच्या अथवा मित्राच्या मुलीच्या लग्नासाठी विलायतेस किंवा अमेरिकेस जाणारी मंडळी आज आढळतात. परत आल्यावर ती तेथील हकीकत मोठ्या हौसेने सांगतात, आणि चार ठिकाणच्या हकीकती ऐकल्यावर ऐकणाराच्या ध्यानात येते की, या कथनांचे साचे दोनच आहेत. पहिला साचा निंदेचा. ‘साठ माणसांचे कसले लग्न? पंगत नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही. नवरी पांढऱ्या झग्यात, आणि वडीलधाऱ्यांच्यादेखत चुंबन!’ दुसरा साचा स्तुतीचा. ‘दोनचा मुहूर्त म्हणजे दोनला लग्न, प्रत्येकाच्या नावाची खुर्ची, अन्नाचा कण वाया नाही, आणि आमच्याकडे पाहा, पुढारी येईपर्यंत अक्षता हातात धरून दोन तास उभे!’

या दोन्ही पक्षांत वाद पुष्कळ होतो, परंतु आमच्या मते त्यांच्यात फरक मुळीच नाही. दोघांनीही पाहिले ते ताट, घड्याळ आणि वस्त्र. ज्या कारणाने त्या समारंभास विवाह हे नाव प्राप्त होते, ते कारण दोघांच्याही दृष्टीस पडले नाही. दोन समाजांच्या विवाहांत खरा भेद शोधावयाचा असेल तर एकच प्रश्न विचारावा लागतो: ज्यांचे लग्न लागले त्यांना, आणि विशेषतः त्या मुलीला, कोणी चारचौघांत विचारले काय, आणि तिने उत्तर दिले काय? हा प्रश्न टाकून केलेली संस्कृतींची तुलना ही आचाऱ्यांची तुलना होय, असे आमचे म्हणणे आहे. आणि ते या लेखात सविस्तर मांडावयाचे आहे.

प्रथम ताट, घड्याळ आणि वस्त्र यांचा निकाल लावू. इंग्रज वधूचा पांढरा पोशाख पाहून आमच्या निंदकांस वैधव्य आठवते आणि स्तुतिपाठकांस पावित्र्य दिसते. वस्तुतः राणी व्हिक्टोरिया १८४० साली पांढरा पोशाख करून विवाहास उभी राहिली, आणि पुढे तिचे अनुकरण होऊन ही चाल रूढ झाली; तत्पूर्वी तेथील मुली आपला जो चांगला पोशाख असेल तो, मग त्याचा रंग कोणताही असो, घालून लग्न करीत. तेव्हा या रंगातून कोणत्याही प्राचीन तत्त्वज्ञानाचा शोध करू नये. आमची पिवळी अष्टपुत्री जशी एक चाल, तशीच तीही एक चाल. पाहुण्यांच्या संख्येचेही तसेच. सबंध गावास जेवू घालणे ही वृत्ती उदार आहे; ते जेवण सावकाराच्या पैशाने घातले जात असेल तर मात्र ते औदार्य नव्हे, पुढील दहा वर्षांचे दारिद्र्य होय. वक्तशीरपणा आम्हांस शिकावयास हवा याबद्दल दुमत नाही. पण तो शिकण्यासाठी विलायतेचे तिकीट काढण्याचे कारण नाही, रेल्वेच्या फलाटावरही तो शिकता येतो. एवंच, हे सर्व भेद आहेत. पण ते भेद झाडाच्या सालीचे आहेत, गाभ्याचे नव्हेत.

आता गाभ्याकडे वळू. विलायतेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत बहुधा एक लग्न दोनदा लागते. एकदा नोंदणी अधिकाऱ्यासमोर, आणि एकदा अंतरपाट धरून. याचे कारण असे की, इंग्लंडच्या कायद्याने केवळ हिंदू विधी झाल्याने विवाह सिद्ध होत नाही. जागा त्या कामासाठी नोंदलेली आणि अधिकृत व्यक्ती हजर असेल तरच तो कायदेशीर ठरतो. म्हणून सामान्यतः लोक आधी अधिकाऱ्यापुढे जातात व नंतर मंडप घालतात. अंबडहून गेलेला पाहुणा या दोन प्रसंगांपैकी कोणत्या प्रसंगास ‘लग्न’ म्हणतो? अर्थात दुसऱ्या. पहिला प्रसंग त्याच्या दृष्टीने कचेरीतील काम. पाव तासात उरकणारे, रूक्ष, ना हळद ना अक्षता. त्या पाव तासात तो छायाचित्र काढतो, जांभई देतो आणि सायंकाळच्या मंगलाष्टकांची वाट पाहतो.

पण त्या पाव तासात घडते काय, हे नीट पाहिले पाहिजे. विवाहाची सूचना काही आठवडे आधी कचेरीत जाहीर लावलेली असते, ती अशासाठी की, ज्या कोणास हरकत असेल त्याने ती घ्यावी. विधी चालू असता दारे उघडी ठेवावी लागतात. बंद दाराआड, चोरून अगर धाकाने लग्न उरकता येऊ नये हा त्या नियमाचा हेतू. दोन साक्षीदार लागतात. आणि मग वराला व वधूला, प्रत्येकाला निराळे, आपल्या तोंडाने सांगावे लागते की, या विवाहास काही कायदेशीर प्रतिबंध असल्याचे मला ठाऊक नाही, आणि मी या व्यक्तीचा पती अथवा पत्नी म्हणून स्वीकार करीत आहे. हे शब्द बापाने म्हणून चालत नाहीत, मामाने म्हणून चालत नाहीत, पुरोहिताने म्हटल्यावर मान हलवूनही चालत नाहीत. ते उच्चारले नाहीत तर लग्न नाही. सबंध दोन दिवसांच्या सोहळ्यात त्या मुलीला स्वतःच्या विवाहाविषयी स्वतः बोलावे लागते ते याच एका ठिकाणी. आणि आमच्या पाहुण्यांस जांभई येते तीही याच ठिकाणी!

आता आमच्या घरची रीत पाहा. सोयरीक जमली की बैठक होते आणि याद होते. कोणी काय द्यावयाचे, मंडपखर्च कोणाचा, कोणास कोणता आहेर, हे कागदावर उतरते आणि त्यावर उभय पक्षांच्या कर्त्या पुरुषांच्या सह्या होतात. या कागदावर ज्या दोघांचा संसार ठरतो त्यांचीच सही बहुधा नसते, आणि ती असावी असे कोणाच्या मनातही येत नाही. पुढे कन्यादान होते. दान देणारा बाप, दान घेणारा वर. आणि जिचे दान होते तिचे व्याकरणात स्थान कर्माचे. मंगलाष्टके भटजी म्हणतात, आत्या-मावश्या म्हणतात, हल्ली ध्वनिवर्धकावर गावातील हौशी गवयी म्हणतात. वधू मात्र खाली मान घालून उभी असते, आणि तिची मान जितकी खाली तितके तिचे वळण चांगले असे समजले जाते. नंतर अक्षता पडतात आणि लग्न ‘लागते’. ‘लागते’ हे क्रियापदही लक्षात घेण्याजोगे आहे. आमच्याकडे जसा ठसका लागतो, पाऊस लागतो, तसे लग्न लागते. करणारा कोणी नाहीच.

येथे कोणी म्हणेल की, हा शास्त्राचा दोष; आमचा आधुनिक कायदा तसा नाही. तो काय म्हणतो तेही पाहू. १९५५ चा हिंदू विवाह कायदा पक्षांपैकी कोणत्याही एकाच्या रूढीप्रमाणे झालेला विवाह मान्य करतो, आणि सप्तपदी असेल तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण झाला असे म्हणतो. त्या सात पावलांत वधूने काही बोललेच पाहिजे अशी अट नाही. संमती बळजबरीने किंवा फसवणुकीने घेतली असेल तर नंतर न्यायालयात जाऊन विवाह रद्द करून घेता येतो, हे खरे. म्हणजे विलायतेत जो प्रश्न विवाहापूर्वी अधिकारी विचारतो, तो आमच्याकडे विवाहानंतर न्यायाधीश विचारील. तोही मुलीने वकील गाठला, खर्च केला आणि माहेर व सासर या दोहोंशी वैर पत्करले तर. ज्या प्रश्नास मंडपात एक क्षण पुरला असता, त्यास कोर्टात वर्षे लागतात.

अंबडच्या माणसास ही गोष्ट पटवून देण्यास दूरचे दृष्टान्त नकोत. मराठी मुलखातील सर्वांत प्रसिद्ध लग्न आमच्याच परगण्यातले आहे, आणि ते लागलेच नाही! समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला. हे गाव पूर्वी अंबड तालुक्यात मोडे, आता ते घनसावंगी तालुक्यात आहे. परंपरा सांगते की, बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा असता ‘सावधान’ हा शब्द त्याच्या कानी पडला, तो खरोखरच सावध झाला आणि मंडपातून निघून गेला. ही कथा आम्ही शतकानुशतके वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगत आलो. तिचे थोरपण आम्हांस मान्यच आहे. परंतु अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूसही कोणी उभे होते. तिलाही तोच शब्द ऐकू गेला असेल. आम्ही ही कथा कीर्तनात ऐकतो, शाळेत ऐकतो. त्या मुलीचे नाव तिच्यात येत नाही, आणि ते विचारण्याची इच्छाही श्रोत्यांस होत नाही. ‘सावधान’ हा शब्द दोघांस उद्देशून उच्चारला जातो. पण सावध होण्याचा अधिकार आम्ही एकालाच दिला. तो निघून गेला तर संत. ती निघून गेली असती तर आमच्या भाषेने तिला कोणता शब्द दिला असता, हे वाचकांस सांगावयास नको.

या आमच्या प्रतिपादनावर जे आक्षेप येतात त्यांचा विचार आता करू. पहिला आक्षेप नेहमीचा आहे: ‘पाश्चात्त्यांचा विवाह दोन व्यक्तींचा, आमचा दोन कुळांचा, म्हणून व्यक्तीस विचारण्याचे कारण नाही.’ वाक्य भारदस्त आहे, पण त्याचा अर्थ तपासून पाहावा. दोन कुळांचा संबंध जुळतो म्हणून दोन माणसांस विचारू नये, हे अनुमान कोठून निघाले? कुळे जुळतात ती त्या दोघांच्याच द्वारे. बरे, हे तत्त्व मुलास लागू होते काय? आज शिकलेल्या मुलास ‘तुला पसंत आहे ना’ असे दहा वेळा विचारले जाते. तो दहा मुली पाहतो, पोहे खातो आणि नकार कळवितो. तेव्हा कुळाचे तत्त्व कोठे जाते? म्हणजे कुळांचा विवाह हे तत्त्व एका बाजूपुरतेच आहे. ज्या तत्त्वाचा भार केवळ दुबळ्याच्याच खांद्यावर पडतो, त्यास आम्ही तत्त्व म्हणत नाही, सोय म्हणतो.

दुसरा आक्षेप असा की, हे सर्व इंग्रजांचे स्तुतिस्तोत्र आहे. या आक्षेपास उत्तर इंग्रजांच्याच इतिहासाने द्यावे हे बरे. कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंनी १९२७ साली ‘मदर इंडिया’ हे पुस्तक लिहून आमच्या बालविवाहांचे धिंडवडे काढले आणि इंग्रजी राज्याचे समर्थन केले. त्या वर्षी इंग्लंडच्या कायद्याने विवाहास मुलीचे किमान वय किती होते? बारा! मुलाचे चौदा. प्रत्यक्षात तेथे तशी लग्ने क्वचितच होत, हे खरे. पण कायदा तोच होता. तो बदलून दोघांस सोळा वर्षे करण्यात आली ती १९२९ साली, म्हणजे ज्या वर्षी आमच्याकडे सारडा कायदा झाला त्याच वर्षी. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवर तिचा स्वतःचा हक्क इंग्लंडने पुरतेपणी मानला तो १८८२ च्या कायद्याने. त्यापूर्वी विवाहाबरोबर तिचे कायदेशीर अस्तित्वच पतीत विलीन होत असे. त्यांच्या चर्चमध्येही वधूला कोण देत आहे असे विचारण्याची रीत आहेच, म्हणजे कन्यादान त्यांच्याही घरी आहे. आणि पतीची आज्ञा पाळीन हे वचन जुन्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे फक्त वधूच देई. ते गाळणारा सुधारलेला पाठ १९२८ सालचा. अठरा वर्षांखालील विवाह इंग्लंड-वेल्समध्ये पूर्णपणे बंद झाले ते तर परवा, २०२३ च्या फेब्रुवारीत. अमेरिकेतील राज्यांपैकी असा बिनअपवाद निषेध प्रथम केला तो डेलावेअरने २०१८ साली, आणि तो न केलेली राज्ये तेथे अद्याप आहेत.

यावरून सिद्ध होते ते हेच की, मुलीस विचारणे हा गोऱ्या कातडीचा जन्मसिद्ध गुण नव्हे. त्यांनीही ते भांडून मिळविले. आणि भांडण आमच्याकडे झाले नाही असे थोडेच आहे? रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली नांदावयास येण्याबद्दल दावा लावला, तेव्हा ज्या लग्नास मी संमती दिली नाही ते मजवर बंधनकारक नाही, असे या मराठी मुलीने मुंबईच्या हायकोर्टात सांगितले. १८८५ साली निकाल तिच्या बाजूने, १८८७ साली विरुद्ध. नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, आणि तिने तुरुंग पत्करीन असे उत्तर दिले. १८८८ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले, आणि पुढे ती विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आली. तिच्या विरुद्ध कायद्याचा बडगा उगारणारा न्यायाधीश इंग्रज होता, आणि प्रश्न विचारणारी मुलगी मराठी होती, हे आमच्या आक्षेपकांनी ध्यानात ठेवावे.

त्याहूनही आधीची गोष्ट सत्यशोधक समाजाची. १८७३ च्या डिसेंबरात पुण्यास पहिला सत्यशोधक विवाह ब्राह्मण पुरोहितावाचून लागला. १८८७ साली जोतीराव फुल्यांनी या विधींचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी वरापुढे मांडते आणि वर ती मान्य करतो. म्हणजे जे आमचा पाहुणा लंडनच्या कचेरीत पाहून जांभई देतो, ते मराठी भाषेत, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी, मंगलाष्टकांच्याच रूपात, एका मराठी माणसाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी रचून ठेवले आहे. आम्ही फुल्यांचे पुतळे उभारले, त्यांच्या जयंत्या केल्या. त्यांची मंगलाष्टके मात्र लग्नात म्हटली नाहीत.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण निराळे आणि अधिक बोचणारे आहे. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८७२ च्या कायद्याप्रमाणे विवाह केला. त्या कायद्याखाली विवाह करावयाचा तर उभयतांस आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही असे, म्हणजे रूढ धर्मांपैकी कोणताच आपण मानीत नाही असे, लिहून द्यावे लागे. संस्कृत विद्येबद्दल ‘सरस्वती’ ही पदवी मिळालेल्या स्त्रीस आपल्या इच्छेने वर वरण्यासाठी प्रथम धर्मच नाकारावा लागला! ही लाज त्या कायद्याची किती आणि आमची किती, याचा वाटा ज्याने त्याने काढावा.

तिसरा आक्षेप घटस्फोटांचा. ‘विचारून केलेली त्यांची लग्ने मोडतात, न विचारता केलेली आमची टिकतात.’ न मोडणे म्हणजे टिकणे, असे मानले तरच हे विधान खरे. जिला परत जाण्यास माहेर नाही, कमाई नाही आणि समाजात जागा नाही, तिचा संसार मोडत नाही यात संसाराचे कौतुक काय? बाहेर पडण्याचे दार बंद असता आत राहणाऱ्याची निष्ठा मोजता येत नाही. आणि शब्द उच्चारले म्हणजे मन मोकळे झाले, असे आम्हीही म्हणत नाही. विलायतेतही धाकाने ‘होय’ म्हणविता येते. म्हणून तर इंग्लंडने २०१४ साली सक्तीचा विवाह हा फौजदारी गुन्हा ठरविला, आणि लग्न लावण्यासाठी मुलीस फसवून परदेशी नेणे हेही त्याच गुन्ह्यात घातले. विचारणे पुरेसे नसेल. पण ते पहिले पाऊल आहे, आणि पहिले पाऊल टाळून सातवे टाकता येत नाही.

लग्नासाठी सरहद्द ओलांडण्याच्या या गोष्टीवरून आमच्याच मुलखाचा एक विसरलेला प्रकार आठवतो. आजच्या पिढीस परदेश म्हटला की विमान दिसते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत अंबड निजामाच्या राज्यात होते, आणि पैठणपलीकडे गोदावरी उतरून शेवगाव तालुक्यात पाऊल टाकले की इंग्रजी मुलूख लागे. मध्ये करोडगिरीचा नाका. इकडचे नाणे हाली, तिकडचे कलदार. सात हाली रुपये द्यावे तेव्हा सहा कलदार मिळत. इकडच्या दरबारची भाषा उर्दू, तिकडच्या वरिष्ठ कचेऱ्यांची इंग्रजी. नगर जिल्ह्यातील वऱ्हाड मोगलाईत येई, ते खरोखर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येई. पण मुलीच्या बाबतीत नदीच्या दोन्ही तीरांची संस्कृती तंतोतंत एकच होती. सारडा कायद्याने मुलीचे वय चौदा ठरविले, तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानांत तो आपोआप लागू नव्हता. झाले काय, तर कायदा अमलात येण्यापूर्वी, म्हणजे १९३० च्या एप्रिलच्या आत, देशभर बालविवाहांची झुंबड उडाली. आणि पुढे संस्थानी हद्दीत जाऊन लग्न उरकून येण्याची वाट लोकांनी शोधली. ती बुजविण्यासाठी १९३८ साली दुरुस्ती करून, ब्रिटिश प्रजाजन हिंदुस्थानात कोठेही असला तरी कायदा त्यास लागू होईल, असे म्हणावे लागले. आजचा पाहुणा परदेशच्या लग्नास भेद पाहावयास जातो. त्या वेळचा माणूस परदेशी लग्न लावावयास जाई, तो भेद राहू नये म्हणून!

याच्या उलट बाजूचे चित्रही पाहण्यासारखे आहे. परदेशी मुली जेव्हा मराठी मंडपात आल्या तेव्हा आम्ही काय केले? ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० साली एडिथ कोहन या जर्मन-यहुदी विदुषीशी विवाह केला, तेव्हा व्रात्यस्तोम विधीने तिला हिंदू करून घेण्यात आले व ती शीलवती झाली. १९२८ साली इंदूरचे माजी अधिपती तुकोजीराव होळकर यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन मुलीशी विवाह केला. तत्पूर्वी नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिची शुद्धी होऊन तिचे नाव शर्मिष्ठा ठेवले गेले. अंबडला होळकरांचे नाव परके नाही. हा एके काळी त्यांचाच परगणा, आणि मत्स्योदरी देवीच्या टेकडीवरील देवालय अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेले आहे. या दोन्ही विवाहांवर त्या काळी वादंग झाले. पण धर्मात येणारीची इच्छा असल्यावाचून शुद्धी होत नाही. त्यामुळे या परक्या मुलींची इच्छा आम्हांस विधीपूर्वक, लोकांसमोर समजून घ्यावी लागली. परघरच्या मुलीस आम्ही विचारले. घरच्या मुलीस विचारण्याची मात्र आम्हांस गरज वाटत नाही. ती आपलीच आहे, तिला काय विचारावयाचे? ‘आपली’ या गोड शब्दाचा इतका कठोर अर्थ दुसऱ्या कोणत्या भाषेत असेल असे वाटत नाही.

ही चर्चा केवळ शिष्टाचाराची असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ बावीस टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. आणि गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर, अंबडच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, हे प्रमाण चव्वेचाळीसच्या जवळ होते. याची कारणे केवळ मनाची नाहीत, पोटाचीही आहेत. ऊसतोडीस नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि त्यावर उचल मिळते. आईबाप सहा महिने फडावर असता वयात आलेली मुलगी गावी एकटी कशी ठेवावी, ही धास्तीही खोटी नाही. या कारणांचा उपाय मजुरीच्या दरात, वसतिगृहात आणि शाळेत आहे. परंतु जेथे मुलीला विचारावयाचे असते ही कल्पनाच नाही, तेथे दारिद्र्यास तिचे लग्न हा सर्वांत सोपा उपाय सापडतो. आणि जेथे दारिद्र्य नाही, उलट मुलगा परदेशी नोकरीस आहे, तेथे तरी काय दिसते? यादीतील आकडा वाढतो. विचारणे तेवढेच राहते.

मग करावे काय? नवा कायदा मागण्याची आवश्यकता नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा आमचाच आहे. त्याखाली तीस दिवसांची सूचना द्यावी लागते; आणि विवाह अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोर वधूने वरास व वराने वधूस, समजेल अशा भाषेत, मी तुझा स्वीकार करीत आहे असे आपल्या तोंडाने सांगितल्यावाचून तो विवाह पक्का होत नाही. जे पाहण्यास लोक सातासमुद्रापलीकडे जातात, ते जिल्ह्याच्या गावी मराठीत उपलब्ध आहे! पण त्या विवाहास आम्ही ‘पळून जाणाऱ्यांचे लग्न’ असे नाव देऊन ठेविले आहे. आईबापांनी मुलीचा हात धरून तेथे जावे, मग सायंकाळी हौसेने मंडप घालावा, असे का होऊ नये?

ज्यांना मंडपच हवा, त्यांनी मंडपातही एवढे करावे. याद करावयाचीच असेल तर ती आधी वधूवरांस वाचून दाखवावी, आणि त्यांनी होय म्हटल्यावाचून तिच्यावर कोणाचीही सही घेऊ नये. ज्या यादी मुलीसमोर वाचण्याची लाज वाटेल त्या आपोआप बंद पडतील. आणि अंतरपाट दूर करण्यापूर्वी भटजींनी वा घरातील वडीलधाऱ्या बाईने दोघांस, मोठ्याने, साध्या मराठीत विचारावे. ध्वनिवर्धक तर असतोच. दोघांनी उत्तर द्यावे. यास मुहूर्त लागत नाही, खर्च लागत नाही, आणि शास्त्राचा एकही मंत्र गाळावा लागत नाही. मुलगी ‘नाही’ म्हणाली तर काय, अशी धास्ती ज्यांस वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ती धास्ती हीच या प्रश्नाची आवश्यकता सिद्ध करते. ‘नाही’ म्हणता येत नसेल तर ‘होय’ या शब्दास किंमत काय?

परदेशच्या विवाहास जाणाऱ्या आमच्या बांधवांनी अवश्य जावे, पोटभर जेवावे आणि दोन्ही संस्कृतींचे गुणदोष आम्हांस येऊन सांगावे. आमची विनंती एवढीच की, त्यांनी हकीकतीच्या आरंभी खुर्च्या व पक्वान्ने न सांगता हे सांगावे की, मुलीस काय विचारले, कोणी विचारले, आणि ती काय म्हणाली. तेच प्रश्न मग ते आपल्या घरच्या पुढील लग्नातही विचारतील, अशी आम्ही आशा करतो.